'मराठी' या शब्दात अक्षरे किती?

'मराठी' या शब्दात अक्षरे किती, असे चौथीतल्या मुलाला विचारले तर तो तीन म्हणेल. पायथॉन या संगणकभाषेच्या जुन्या आवृत्तीला विचारले तर उत्तर बहुधा १५ येई. नव्या आवृत्तीत ते ५ येते. असे का, ते पाहू.

संगणकाच्या स्मृतीत अक्षरे नसतात, आकडे असतात. १९६० च्या दशकात अमेरिकेत ठरलेल्या 'आस्की' संकेतात इंग्रजी अक्षरे, अंक व चिन्हे मिळून १२८ आकड्यांत भागे. एका अक्षराला एक बाइट पुरे. त्यामुळे मजकूर म्हणजेच बाइटांची रांग, अशी समजूत रुजली. १९९१ साली गिदो व्हान रोसम यांनी प्रसिद्ध केलेल्या पायथॉननेही तीच स्वीकारली.

त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. जगातल्या लिप्यांना एकाच यादीत बसवण्याचा हा प्रयत्न होता. या यादीनुसार 'मराठी'चे संकेत पाच: म, र, काना, ठ आणि दुसरी वेलांटी. यूटीएफ-८ पद्धतीने साठवताना देवनागरीच्या प्रत्येक संकेताला तीन बाइट लागतात, म्हणून १५.

२००० साली पायथॉन २.० मध्ये युनिकोड मजकुराचा वेगळा प्रकार आला, पण जुनाही तसाच राहिला. दोन्ही एकत्र आले, की जुना मजकूर आस्कीतलाच आहे असे गृहीत धरून भाषा मुकाट्याने जोडणी करी. इंग्रजी नावांवर प्रोग्रॅम बिनतक्रार चाले आणि पहिले मराठी नाव येताच अडे. चूक सुरुवातीपासूनच असे. ती भोगावी लागे इतर लिप्या वापरणाऱ्यांना.

३ डिसेंबर २००८ रोजी आलेल्या पायथॉन ३.० ने मजकूर आणि बाइट यांची फारकत केली. त्यांची परस्पर जोडणी करू गेल्यास भाषा तिथेच नकार देते. रूपांतर आपण सांगून करावे लागते. याची किंमत मोठी होती. असंख्य जुने प्रोग्रॅम दुरुस्त करावे लागले. युनिकोड मजकुरापुढे लिहायचा 'यू' नव्या आवृत्तीने काढून टाकला होता; एकच प्रोग्रॅम दोन्हीकडे चालावा म्हणून २०१२ साली ३.३ मध्ये तो परत घेतला. जुन्या आवृत्तीची देखभाल थांबली ती १ जानेवारी २०२० ला.

तरीही मुलाचे तीन आणि संगणकाचे पाच जुळले नाहीतच. पाच संकेत उलट क्रमाने लावून पाहा: वेलांटी निराधार होऊन पुढे येते आणि 'र'चा काना 'ठ'ला जाऊन चिकटतो. बाइट म्हणजे अक्षर नव्हे, हे आता भाषेला कळले आहे. संकेत म्हणजेही अक्षर नव्हे, हे मात्र प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानेच लक्षात ठेवायचे आहे.