काट्याचा हलवा आणि गॅसची ज्योत

गेल्या गणेशोत्सवात पाककलेच्या कार्यक्रमात एका तरुणाने साखरेची फुले करून दाखवली. हातात गॅसचा छोटा टॉर्च. निळी ज्योत लागली की साखरेची पाकळी काचेसारखी चकाकायची आणि दोन पाकळ्यांच्या कडा जराशा वितळवून टेकवल्या की जागच्या जागी चिकटायच्या. मुले तर खिळून गेली होती. शेजारी बसलेल्या आत्याने मात्र मला हळूच विचारले, "अरे, याने हलव्याला काटा येईल का?"

मी डिप्लोमा करून सरकारी नोकरीला लागलेला माणूस, इतिहासाचा अभ्यासक नव्हे. पण प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून जमेल तसे वाचत गेलो.

उत्तर सरळ आहे. येणार नाही. साखरेच्या शोभेच्या कामाची दोन घराणी आहेत. एकात पाक 150 अंशांच्या पुढे तापवून साखरेची जणू काच करतात. ती ऊन असताना ओढायची, वळवायची आणि कडक झाली की ज्योतीने पुन्हा मऊ करायची. टॉर्च इथला. त्याच्या आधी युरोपातले आचारी तापवून लाल केलेले लोखंड साखरेवर धरत. मासियालो या फ्रेंच आचाऱ्याच्या 1691 च्या पुस्तकात दुधाच्या एका गोड पदार्थावरची साखर चुलीतल्या तापल्या फावड्याने जाळायला सांगितली आहे. ज्योतीचा दिवा त्यानंतर पुष्कळ वर्षांनी आला आणि तोही आधी रंगारी नि डाग देणारे यांच्या हातात होता, मग स्वयंपाकघरात शिरला.

दुसरे घराणे खड्याचे, म्हणजे आपल्या हलव्याचे. इथे साखर वितळवायची नसते, कणाकणाने बसवायची असते. दुधाने मळी काढलेला पातळ पाक, शेगडीवर राख घालून मंद केलेला विस्तव, त्यावर परात आणि परातीत तीळ किंवा खसखस. चमचाभर पाक सोडायचा, बोटांच्या टोकांनी हलकेच फिरवायचे, सुकले की पुन्हा चमचाभर. कुठेतरी बारीक उंचवटा धरतो, पुढचा पाक त्यालाच चिकटतो आणि चार-सहा दिवसांनी काटा उभा राहतो. आच वाढली तर हलवा पिवळा पडतो, हात जड पडला तर काटे मोडतात. हवा दमट असेल तर सगळेच मुसळ केरात. माळव्यातली पौषातली कोरडी थंडी या कामाला फार चांगली, असे आत्या म्हणते.

मला वाटायचे हा काटा फक्त आपलाच. तसे नाही. जपानात 'कोम्पेइतो' नावाची काटेरी साखरगोळी आहे. नाव पोर्तुगीज 'कॉन्फेइतो'वरून आलेले. गोव्यात राहून पुढे जपानला गेलेले पाद्री लुईश फ्रोइश यांनी 1569 मध्ये ओदा नोबुनागा या सरदाराला ती काचेच्या बाटलीतून भेट दिली. जपानी कारागिरांना तिचे मर्म बरीच वर्षे कळले नाही. 1688 मध्ये सायकाकू या लेखकाने नागासाकीच्या एका माणसाची गोष्ट लिहिली आहे. त्याने साखरेत घोळवलेले तीळ तापल्या भांड्यात टाकले आणि त्यांवर साखर फुलून आली. तीळच! हे आत्याला वाचून दाखवले तर ती म्हणाली, "मग? दुसरे काय घालणार?" कोणी कोणाकडून शिकले या वादात मी पडत नाही.

त्या कारागिराच्या खटपटीची निदान गोष्ट तरी झाली. आमच्या घरचे काय? माझ्या आजोबांची जमाखर्चाची वही आजही आहे. पौष महिन्याच्या पानांवर साखर, कोळसा, तीळ, काळा दोरा असा खर्च आणि समोर जमेत "हलवा" हा एकच शब्द व रुपये. करणारीचे नाव कुठेच नाही. आत्या लग्नानंतर तीन वर्षांत माहेरी परत आली, तेव्हापासून ही जमा सुरू होते. इंदूरच्या किती सुनांचा पहिल्या संक्रांतीचा साज, तन्मणी, चिंचपेटी, बाजूबंद, जावयांचे हार, बोरन्हाणाचे मुकुट नि बासऱ्या तिने रात्र रात्र जागून केल्या! माझी फी त्याच जमेतून गेली, हे मला वही चाळताना कळले. तिच्या उजव्या हाताच्या बोटांची टोके अजून गुळगुळीत आहेत. बँकेत अंगठ्याचे यंत्र चालते, बोटांचे चालत नाही.

या जानेवारीत मी तिच्यासमोर परात घेऊन बसलो. शेगडी मिळाली, कोळसा शोधावा लागला. पहिल्या दिवशी पाक जास्त झाला, दुसऱ्या दिवशी आच. पाचव्या दिवशी तीळ पांढरे झाले, पण गोटे! काटा नाही. आत्याने चार दाणे तळहातावर घेऊन बघितले आणि परात स्वतःकडे ओढली. मी घड्याळ लावून, चमचे मोजून टिपणे काढली आहेत. ती अपुरी आहेत, कारण पाक कधी सोडायचा हे ती परातीच्या आवाजावरून ओळखते आणि तो आवाज मला अजून ऐकू येत नाही.

आपल्यापैकी कोणाच्या घरी आजी, काकू, मावशी हलवा करीत असतील किंवा जुन्या वहीत अशी नोंद असेल, तर मला जरूर सांगावे. संक्रांतीच्या आधी आत्या पुन्हा परात मांडणार आहे. तो टॉर्चवाला तरुणही येतो म्हणाला आहे.