सुरतेचा तह (१७७५)

मुंबईकर इंग्रज व राघोबादादा यांच्यात मार्च १७७५ मध्ये सुरतेस झालेला करार. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धाला तो निमित्त झाला; ठिणगी मात्र आधीच पडली होती. चिमाजी अप्पांनी १७३७ मध्ये जिंकलेली साष्टी (मुंबईलगतची; गोव्यातील सासष्टी नव्हे) परत घेण्यास पोर्तुगीज आरमार येते आहे, या धास्तीने इंग्रजांनी डिसेंबर १७७४ मध्येच ठाणे बळकावले. पेशवेपदासाठी आसुसलेल्या राघोबांनी फौजेच्या मोबदल्यात साष्टी व वसई देऊ केली. वरिष्ठ कलकत्ता सरकारने तह अमान्य केला, पण तोवर मे महिन्यात अडासला लढाई झाली होती. पुढचा पुरंदरचा तह (१७७६) मुंबईकरांनी मनापासून पाळलाच नाही. १७७९ मध्ये वडगावला ते शरण आले; तो करारही कलकत्त्याने झिडकारला. अखेर सालबाईच्या तहाने (१७८२) युद्ध थांबले. साष्टी इंग्रजांकडेच राहिली.