संकासुराचा काळा रंग

रत्नागिरी तालुक्यातील मालगुंड मराठी वाचकाला केशवसुतांचे जन्मगाव म्हणून ठाऊक असते. परंतु कोकणातील सोंगांच्या आणि खेळांच्या इतिहासातही या टापूचे स्थान मोक्याचे आहे, कारण गावाच्या उत्तरेस जयगडची खाडी ओलांडली की शिमग्यात संकासुर नाचवणारा गुहागर तालुका लागतो आणि दक्षिणेस राजापूर मागे टाकून पुढे गेले की दशावताराचा मुलूख सुरू होतो. या दोहोंच्या मधला रत्नागिरी-संगमेश्वराचा पट्टा नमन-खेळ्यांचा आहे. कोकणात ‘खेळ’ हा शब्द सारीपाटाला, पत्त्यांच्या डावाला आणि रात्रभर चालणाऱ्या दशावतारी नाटकालाही लागतो, तर नमन सादर करणाऱ्या मंडळींना सरळ ‘खेळे’ म्हणतात. संगणकावरील खेळांत आशियाई पात्रांना कोणता रंग द्यावा आणि त्या रंगातून एखाद्या समाजाचा अवमान होतो का, हा वाद अलीकडे जगभर चालतो. त्यामागचा मूळ प्रश्न मात्र या किनाऱ्यावर जुना आहे. सोंगाला रंग कोण देतो, कशासाठी देतो, आणि सोंग उतरल्यावर तो रंग कोणाच्या अंगाला चिकटून राहतो, हे संकासुराच्या निमित्ताने येथे फार स्पष्ट दिसते.

संकासुर म्हणजे पुराणातला शंखासुर, ज्याने वेद पळवले आणि ज्याचा वध करण्यासाठी विष्णूने मत्स्यावतार घेतला असे कथा सांगते. त्याचे सोंग पाहताक्षणी ओळखू येते: पायघोळ काळा झगा, डोक्यावर उभी निमुळती काळी टोपी, त्याच काळ्या कापडाने झाकलेला चेहरा आणि त्यात डोळ्यांपुरती भोके, कुठे छातीवर रुळणारी पांढरी दाढी, कमरेला घुंगरांचा पट्टा आणि हातात दोरखंड, तर दशावतारात तोंडाशी लोंबणारी लाल कापडाची जीभ. टेंभ्यांच्या आणि पलित्यांच्या उजेडात हे सोंग कसे दिसत असेल याची कल्पना केली, तर काळ्या रंगाच्या निवडीमागचे एक साधे कारण लक्षात येते. पांढरे घेरदार झगे घातलेले खेळे त्या उजेडात दुरूनही उठून दिसतात, आणि काळ्यात बुडालेला संकासुर मात्र अंधारातूनच निघाल्यासारखा अंगणात येतो व हलणाऱ्या पांढऱ्या दाढीने किंवा लाल जिभेने आपले अस्तित्व सांगतो. येथे रंग प्रथम ओळखीच्या आणि परिणामाच्या सोयीसाठी आलेला असावा, असे मानण्यास जागा आहे.

मात्र सोय हे रंगाचे एकमेव कारण कधीच नसते. कोकणात दशावतार आणण्याचे श्रेय परंपरेने राजापूर तालुक्यातील आडिवरे येथील शामजी नाईक काळे यांना दिले जाते आणि त्यासाठी १७२८ हे साल सांगितले जाते. या खेळाच्या पूर्वार्धात, ज्याला ‘आडदशावतार’ म्हणतात, गणपती, सरस्वती, ब्रह्मदेव अशी पात्रे क्रमाने येऊन गेल्यावर संकासुर येतो आणि अखेर विष्णूच्या हातून मरतो. सफेता, पिवडी, हिंगूळ आणि काजळ ही रंगभूषेची जुनी सामग्री. सफेता म्हणजे पांढरी पूड, पिवडी म्हणजे पिवळ्या मातीचा रंग आणि हिंगूळ म्हणजे तांबडा. देवाच्या चेहऱ्यावर उजळ थर आणि असुराच्या वाट्याला काळे कापड, या वाटणीत मराठी समाजाची रंगाविषयीची एक सवय उतरली आहे. ज्या भाषेत विठ्ठल, राम आणि कृष्ण ‘सावळे’ असतात आणि सावळेपणाच भक्तीचा विषय होतो, त्याच भाषेत लग्न जमवताना ‘गोरी’, ‘गव्हाळ’, ‘निमगोरी’ अशी उतरंड लावली जाते. देवाचा काळा रंग सावळा ठरतो आणि असुराचा काळा रंग काळाच राहतो; हा फरक रंगाचा नसून तो पाहणाऱ्याच्या नजरेचा आहे.

या नजरेवर मराठीत पहिला घणाघात केला तो जोतीराव फुले यांनी. १८७३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गुलामगिरी’त त्यांनी मत्स्य आणि शंखासुर यांच्या कथेचा स्वतंत्र विचार केला, आणि मत्स्याला बाहेरून जलमार्गाने पश्चिम किनाऱ्यावर उतरलेल्या टोळीचा नायक, तर शंखासुराला तेथला मूळचा क्षेत्रपती ठरवले. पुराणकथांकडे प्राचीन इतिहास म्हणून पाहण्याची ही रीत आजचे संशोधक जशीच्या तशी स्वीकारणार नाहीत. परंतु फुल्यांच्या मांडणीचे बळ त्या इतिहासात नसून त्यांनी बदललेल्या बाजूत आहे. असुर हा हरलेल्या माणसाला जिंकणाऱ्याने दिलेला मुखवटा असू शकतो, हे त्यांनी दाखवले, आणि हे पुस्तक अमेरिकेतील काळ्या लोकांच्या दास्यमुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण करून कोकणच्या अंगणातील सोंगाला जगातील वर्णद्वेषाच्या प्रश्नाशी जोडले. पुस्तक निघाले तेव्हा मालगुंडचे केशवसुत जेमतेम सात वर्षांचे होते. पुढे त्यांनी ‘अंत्यजाच्या मुलाचा पहिला प्रश्न’ ही कविता लिहून जन्माने अंगाला चिकटलेल्या कलंकाचा जाब मुलाच्या तोंडून विचारला, तेव्हा ते त्याच परंपरेत उभे होते.

रंग पात्राला कायमचा चिकटलाच पाहिजे असे नाही, हे याच प्रदेशातील बैठे खेळ दाखवतात. सारीपाटात तांबडी, हिरवी, पिवळी आणि काळी अशा चार रंगांच्या सोंगट्या असतात आणि जुन्या रीतीने पिवळ्या व काळ्या सोंगट्यांचे गडी एकमेकांचे भागीदार होऊन तांबड्या-हिरव्यांविरुद्ध खेळतात; रंग येथे बाजू सांगतो, योग्यता सांगत नाही. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफांत ही गोष्ट अधिक बारकाईने दिसते. गंजिफा म्हणजे रंगवून लाखेने चकचकीत केलेले गोल पत्ते. एका संचात १२० पत्ते, मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतारांचे दहा रंग, आणि प्रत्येक रंगात एक राजा, एक प्रधान व एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पत्ते. कापडाच्या थरांना चिंचोक्याची खळ लावून बनवलेल्या पृष्ठावर सावंतवाडीचे चितारी प्रत्येक अवताराची जमीन, म्हणजे पार्श्वभूमी, वेगळ्या रंगाने भरत, जेणेकरून हातातील पंख्यासारख्या पसरलेल्या पत्त्यांतून आपला रंग झटकन सापडावा. पाच अवतारांत एक्का मोठा आणि उरलेल्या पाचांत दश्शी मोठी असा नियम असल्याने लहान-मोठेपणाही कायम राहत नाही. याहून सुंदर नियम उतारीचा आहे: दिवसा डाव मांडला तर रामाचा राजा ज्याच्या हाती तो पहिली उतारी करतो, आणि सूर्य मावळल्यावर तो मान कृष्णाच्या राजाकडे जातो. दोघेही सावळे, आणि रात्रीचा अंमल त्यातल्या काळ्याकडे. मोगल गंजिफांत तर ‘गुलाम’ नावाचा एक रंग आहे आणि त्याची गणना आठांपैकी चार बलवान रंगांत होते. मराठी घरांत पत्ते कुटताना ‘राजा, राणी, गुलाम’ म्हणताना त्या जुन्या शब्दाची आठवण कोणाला राहिलेली नाही.

माणसांचे रंग ठरवून त्यांना कायमच्या खणांत घालण्याचा उद्योग दुसरीकडून आला. स्वीडनचा निसर्गशास्त्रज्ञ लिनियस याने १७३५ साली माणसांचे चार वर्ग पाडले तेव्हा आशियाई माणसाला त्याने काळपट म्हटले होते. १७५८ च्या आवृत्तीत त्याने तो शब्द बदलून फिकट पिवळसर असा अर्थ असलेला शब्द घातला, आणि १७९५ साली ब्लूमेनबाख या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने ‘मंगोलियन’ असा वर्ग करून त्याला पिवळा रंग पक्का जोडून दिला. चीन, जपान किंवा ब्रह्मदेशातील माणसांच्या कातडीत या साठ वर्षांत काहीही बदल झाला नव्हता. पुढे युरोपात ‘पिवळे संकट’ हा शब्दप्रयोग रूढ झाला आणि पिवळा हा भीतीचा व हेटाळणीचा रंग बनला. मराठी वाचकाला हे समजावून सांगावे लागते, कारण हळद, पितांबर आणि जेजुरीचा भंडारा ज्या भाषेत मंगलाचे आहेत त्या भाषेत पिवळ्या रंगात शिवी ऐकू येत नाही. आणि म्हणूनच तो शब्द कानी पडणाऱ्या चिनी किंवा व्हिएतनामी माणसाचे दुःख आपल्याला चटकन कळत नाही.

या वर्गवारीची दोन टोके रत्नागिरीत एकत्र आली. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा याला इंग्रजांनी १८८६ साली येथे आणून ठेवले आणि १९१६ साली त्याचा मृत्यूही येथेच झाला. थिबा राजवाडा आणि थिबा पॉइंट ही नावे आजही रत्नागिरीकरांच्या रोजच्या बोलण्यात आहेत. नेमक्या याच काळात, १९०१ च्या जनगणनेचा प्रमुख असलेला हर्बर्ट रिस्ले नाकाची लांबी-रुंदी मोजून हिंदुस्थानातील माणसांचे वंश ठरवत होता. त्याच्या कोष्टकात ब्रह्मदेशचे लोक ‘मंगोलॉइड’ झाले, तर महाराष्ट्रातील ब्राह्मण आणि कुणबी ‘सिथो-द्रविडी’ या एकाच खणात पडले. ज्या कुणबी समाजाने नमन-खेळे पिढ्यान्पिढ्या सांभाळले, त्याच्यावर जातीने लादलेले अंतर या कोष्टकाला दिसलेच नाही, आणि जे अंतर कधी नव्हते ते त्याने नाकाच्या मापाने निर्माण केले. वंश म्हणून जे शाळेतल्या पुस्तकांतून पुढे शिकवले गेले त्याचा पाया इतका ठिसूळ होता.

पडद्यावरच्या खेळांनी हाच वारसा उचलला. जपानमधील १९९२ च्या एका दूरदर्शन मालिकेतील लढायांची दृश्ये घेऊन १९९३ साली अमेरिकेत ‘मायटी मॉर्फिन पॉवर रेंजर्स’ तयार झाली आणि पुढच्याच वर्षी तिचे व्हिडिओ गेमही निघाले. मूळ मालिकेत पोशाखांचे रंग केवळ योद्धे ओळखण्यासाठी होते. अमेरिकेत मात्र पिवळा पोशाख व्हिएतनाममध्ये जन्मलेल्या अभिनेत्रीकडे आणि काळा पोशाख कृष्णवर्णीय अभिनेत्याकडे गेला. हे अनवधानाने घडले असे मालिकेशी संबंधितांनी सांगितले, आणि ते खरे मानले तरी दोष हलका होत नाही, कारण लिनियस-ब्लूमेनबाखची वाटणी इतकी मुरली होती की ती करताना कोणाला विचारही करावा लागला नाही.

भारतीय पात्राच्या बाबतीत हा प्रकार युरोप-अमेरिकेने नव्हे, तर आशियातल्याच एका कंपनीने केला. जपानच्या कॅपकॉमने १९९१ साली काढलेल्या ‘स्ट्रीट फायटर २’ या खेळात धालसिम नावाचा भारतीय योद्धा आहे. डोके तुळतुळीत, गळ्यात कवट्यांची माळ, हातपाय रबरासारखे लांबणारे, तोंडातून आग, आणि मागे उभे हत्ती. १९९२ च्या सुधारित आवृत्तीत दोन्ही खेळगड्यांना एकच योद्धा निवडता यावा म्हणून त्याला दुसऱ्या रंगाचा पोशाख देण्यात आला, म्हणजे रंगाने पुन्हा सोंगटीचे जुने, निरुपद्रवी काम केले. पण पोशाखाचा रंग बदलून धालसिमचे काही बदलले नाही, कारण अडचण रंगात नव्हती. लढताना त्याच्या तोंडी येतात ते ‘योगा’ जोडलेले दोन-तीन आरोळीवजा शब्द. ज्या देशाचा तो म्हणवतो त्या देशातल्या कोणत्याही भाषेत तो काही सांगत नाही.

दशावतारातील संकासुर नेमका येथे वेगळा ठरतो. त्याला काळे कापड दिले, वेदचोर ठरवले, आणि रोज रात्री विष्णूच्या हातून मारले. तरी बोली दिली ती मालवणी, प्रेक्षकांच्या घरातली. समोरची देवपात्रे ग्रंथातली मराठी बोलत असताना हा काळा असुर गावातल्या माणसासारखा बोलतो, उलटे प्रश्न विचारतो, टर उडवतो, गावातल्या ताज्या गोष्टींवर टोमणे मारतो आणि मरेपर्यंत सभा आपल्या बाजूला ठेवतो. फुल्यांनी जी बाजू पुस्तकात मांडली ती नाटकाच्या संहितेत कुठे लिहिलेली नाही, पण संकासुराच्या तोंडच्या बोलीत ती आधीपासून जिवंत होती. उत्तरेकडच्या शिमग्यातला संकासुर बोलतो कमी आणि नाचतो जास्त, तरी अंगणात त्याची वाट पाहिली जाते, आणि मुले त्याला भिऊन पळतात व लगेच त्याच्या मागे धावतात. ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या पुण्याच्या कंपनीने २०२० साली ‘राजी’ हा पुराणकथांवर बेतलेला खेळ काढला आणि भारतीय मुलीला नायिका केले, हे मोलाचे पाऊल होते. तिच्यासमोर लढायला मात्र पुन्हा असुरच उभे राहिले. पुढे कोणी मराठी खेळकार शंखासुराला पडद्यावर आणील तेव्हा त्याचा झगा काळाच ठेवायला हरकत नाही, पण त्याला मालवणीत किंवा संगमेश्वरी बोलीत मत्स्याशी पुरता वाद घालू द्यायला हवा.