गुन्हेगारीशास्त्रातील नियतकालिकांची प्रतिष्ठा : मोजमापाचा इतिहास

संशोधन-नियतकालिकाची प्रतिष्ठा कोण ठरवितो, वाचक की यादी? पेण-रोह्यासारख्या ठिकाणच्या महाविद्यालयीन प्राध्यापकांच्या दृष्टीने हा प्रश्न पदोन्नतीशी निगडित आहे. गुन्हेगारीशास्त्राचे उदाहरण या संदर्भात उद्बोधक ठरते.

हा विषय समाजशास्त्र, कायदा व मानसशास्त्र यांच्या सीमेवर उभा असल्याने त्याचे लेखन अनेक विद्याशाखांच्या नियतकालिकांत विखुरलेले असते. १९८१ मध्ये शिकोर, ओब्रायन व डेकर या अमेरिकी अभ्यासकांनी विषयातील जाणकारांनाच प्रश्नावली पाठवून नियतकालिकांच्या प्रतिष्ठेचा शोध घेतला. पुढे कोन व फॅरिंग्टन यांनी संदर्भोल्लेखांची मोजणी करून प्रभावी अभ्यासक कोण, हे पाहिले. दोन्ही पद्धतींना मर्यादा आहेत. मतगणनेत परिचित नावालाच झुकते माप मिळते. मोजणीत लेखाचा उल्लेख झाला एवढेच कळते, तो मान्य म्हणून की खंडनासाठी, हे कळत नाही.

भारतात ‘इंडियन जर्नल ऑफ क्रिमिनॉलॉजी’ १९७३ पासून प्रसिद्ध होत आले; परंतु येथे जाणकारांच्या मतापेक्षा प्रशासकीय निकष प्रभावी ठरले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० च्या नियमावलीत प्रकाशनांना गुण दिले आणि २०१७ मध्ये मान्य नियतकालिकांची यादी जाहीर केली. पुण्यातील सावित्रीबाई फुले विद्यापीठाच्या संशोधकांनी या यादीतील विद्यापीठांनी शिफारस केलेल्या नियतकालिकांचा नमुना तपासला, तेव्हा त्यांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट दर्जाची असण्याची शक्यता आढळली. २०१८ मध्ये आयोगाने ४,३०५ नियतकालिके वगळली. २०१९ मध्ये ‘केअर’ यादी आली आणि २०२५ मध्ये तीही बंद करण्यात आली. दर्जा पारखण्याची जबाबदारी आता संस्थांकडे आली आहे.

ज्यांच्या नावाचे महाविद्यालय रोह्यात आहे, ते चिंतामणराव देशमुख १९५६ ते १९६१ या काळात याच आयोगाचे अध्यक्ष होते. आयोगाच्या यादीमागे दडण्याची सोय आता उरलेली नाही, ही गोष्ट त्या महाविद्यालयालाही लागू आहे. संपादक मंडळ खरोखर कार्यरत आहे काय, तज्ज्ञांनी लेख वाचून सुधारणा सुचविल्या काय, संशोधनपद्धती उघड मांडली आहे काय, या प्रश्नांची उत्तरे लेख वाचूनच द्यावी लागतील. प्रतिष्ठा मोजता येते. परंतु गुणवत्ता वाचावीच लागते, हाच या इतिहासाचा निष्कर्ष होय.