भूमध्य समुद्रातली ९६ जहाजं

आज आपल्याला जायचंय १९७३च्या ऑक्टोबरमध्ये, भूमध्य समुद्रात.

दुसऱ्या महायुद्धानंतर हा समुद्र म्हणजे अमेरिकेच्या सहाव्या आरमाराचं अंगणच. सोव्हिएत युद्धनौकांना काळ्या समुद्रातून इथे यायचं, तर वाट तुर्कस्तानच्या सामुद्रधुन्यांतून. आणि १९३६च्या माँट्रो करारानुसार तुर्कस्तानला ८ दिवस आधी कळवायला लागायचं. म्हणजे गुपचूप येणं अशक्य!

मग १९६७चं अरब-इस्रायल युद्ध झालं. हरलेल्या इजिप्तने सोव्हिएत आरमाराला आपली बंदरं वापरू दिली आणि मॉस्कोने भूमध्य समुद्रासाठी कायमचं 'पाचवं स्क्वाड्रन' उभं केलं. त्याच ऑक्टोबरमध्ये इजिप्तच्या छोट्या सोव्हिएत बनावटीच्या बोटींनी 'स्टिक्स' क्षेपणास्त्रांनी इस्रायलची 'एलात' ही विनाशिका बुडवली. हेच स्टिक्स आपल्या नौदलाने डिसेंबर १९७१मध्ये कराचीवर वापरलं, बरं का.

आता १९७३. पुन्हा युद्ध पेटलं. महिनाअखेरीस इथे सोव्हिएत जहाजं होती सुमारे ९६, अमेरिकेची सुमारे ६०. पण नुसत्या आकड्यांवर जाऊ नका. ९६ मध्ये तेल-रसद पुरवणारी जहाजंही आली. अमेरिकेकडे ३ विमानवाहू नौका होत्या, सोव्हिएतकडे एकही नाही. म्हणून सोव्हिएत जहाजं त्या नौकांच्या मागे सावलीसारखी फिरायची. हेतू हा, की लढाई जुंपलीच तर पहिला वार आपला.

मला खरी भीती इथेच दिसते. जो आधी मारेल त्याचा फायदा, मग थांबायचं कुणी? २५ ऑक्टोबरला अमेरिकेने जगभरच्या आपल्या सैन्याला सतर्क केलं, अण्वस्त्रदलांसकट. एखाद्या कप्तानाचा हात घसरला असता तर?

तसं झालं नाही. त्याला एक कारण १९७२चा करार असावा, असं मला वाटतं. एकमेकांच्या जहाजांवर तोफा रोखून हल्ल्याचं नाटक करायचं नाही, हे दोघांनी त्यात मान्य केलं होतं.

आणि पुढे? १९७६मध्ये सादात यांनी सोव्हिएत आरमाराला बंदरं बंद केली. एकही गोळी न झाडता मोठा फटका बसला!

तेव्हा पुढच्या वेळी 'अमक्या समुद्रात तमक्याची इतकी जहाजं' अशी बातमी आली, की दोन प्रश्न विचारा. दुरुस्तीला बंदर कुणाचं? आणि चूक झालीच, तर फोन कुणाला लावायचा हे ठरलंय का?

भेटू पुढच्या भागात!