दहावीच्या पुस्तकांतील एक पाठ

खानदेशांत, चोपडा तालुक्यांत, सातपुड्याच्या पायथ्याशीं उनपदेव नांवाचा ऊन पाण्याचा झरा आहे. श्रीरामाच्या बाणानें हें पाणी उसळलें, असें लोकपरंपरा सांगते. खोलवर मुरलेलें पाणी भूगर्भांतील उष्णतेनें तापून खडकांच्या भेगांतून वर येतें, असें शाळेंतील शिक्षक सांगतो. यात्रेकरू दोन्ही ऐकतो, स्नान करतो आणि समाधानानें घरीं जातो. परंतु तीर्थावर सहज होणारा हा समेट पाठ्यपुस्तकांत तितका सहज होत नाहीं. तेथें मुलांना काय शिकवावें, याचा निर्णय कोणाला तरी करावाच लागतो. आणि सृष्टीच्या उत्पत्तीचा प्रश्न आला कीं तो निर्णय वादाचा होतो.

मराठींत असा वाद डार्विनहून जुना आहे. भोपाळ संस्थानांतील सिहोरच्या पाठशाळेचे पंडित सुबाजी बापू यांनीं १८३६ सालीं ‘सिद्धांतशिरोमणिप्रकाश’ हा मराठी ग्रंथ लिहिला आणि पुराणांतील सपाट पृथ्वीऐवजीं सिद्धांतग्रंथांतील गोल पृथ्वीचा पक्ष मांडिला. पुराणें व सिद्धांत यांत विरोध नाहीं, असें दाखविण्यासाठीं पुण्याच्या यज्ञेश्वरशास्त्री रोडे यांनीं ‘अविरोधप्रकाश’ रचला. त्यालाही प्रत्युत्तर निघालें. ग्रंथाला ग्रंथानेंच उत्तर मिळालें, ही त्या वादाची शोभा होती.

पुढें १८५९ सालीं डार्विनचा जीवजातींच्या उत्पत्तीवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि त्याचे पडसाद येथेंही उमटले. ‘सुधारक’कर्ते आगरकर हे स्पेन्सरच्या विकासवादी विचारांचे पुरस्कर्ते होते. त्यांचे प्रतिपक्षी टिळक यांनीं १९१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्यां’त सांख्यांच्या प्रकृतिविचाराशेजारीं डार्विन व हेकेल यांचीं मतें ठेवून तीं तपासलीं. एकमेकांशीं न पटलेल्या या दोन पुरुषांना उत्क्रांतिवाद हा विचाराचा विषय वाटला.

अमेरिकेंत मात्र हा प्रश्न न्यायालयांत गेला. टेनेसी राज्यानें १९२५ सालीं सरकारी शाळांत मनुष्याची उत्पत्ति खालच्या प्राण्यांपासून झाली असें शिकविण्यास मनाई केली, आणि त्याच वर्षीं डेटन गांवीं जॉन स्कोप्स या शिक्षकास १०० डॉलर दंड झाला. अपिलांत दंड तांत्रिक कारणावरून रद्द झाला. कायदा १९६७ पर्यंत टिकला. अशी बंदी राज्यघटनेविरुद्ध आहे, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयानें १९६८ सालीं दिला.

जानेवारी २०१८ मध्यें हाच प्रश्न महाराष्ट्राच्या भूमीवर उभा राहिला. औरंगाबाद, म्हणजे आजचें छत्रपति संभाजीनगर, येथें केंद्रीय मनुष्यबळ विकास खात्याचे तत्कालीन राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनीं डार्विनचा सिद्धांत चुकीचा असून शाळा-महाविद्यालयांच्या अभ्यासक्रमांत बदल करावा, असें प्रतिपादन केलें. वानराचा मनुष्य होतांना पाहिल्याचें आपल्या पूर्वजांनीं कोठें सांगितलेलें नाहीं, असा त्यांचा युक्तिवाद होता. देशांतील तीन विज्ञान अकादमींनीं संयुक्त पत्रक काढून तो खोडून काढला. त्याच खात्याचे मंत्री प्रकाश जावडेकर यांनींही अशीं विधानें टाळण्याची सूचना आपल्या सहकाऱ्यास केली.

आजचें वानर उद्यां मनुष्य होईल, असें उत्क्रांतिवाद म्हणतच नाहीं. वानर आणि मनुष्य यांचे पूर्वज फार प्राचीन काळीं एक होते, एवढेंच त्याचें म्हणणें आहे. राहिला कोणीं पाहिलें हा प्रश्न. भारतीय नैयायिकांनीं प्रत्यक्षाबरोबर अनुमानही प्रमाण मानिलें आहे. धूर दिसला कीं अग्नि न पाहतांही कळतो. खानदेशांतच पाहावें. चाळीसगांव तालुक्यांतील पाटणें येथें पुरातत्त्वज्ञ साळी यांच्या उत्खननांत शहामृगाच्या अंड्याचें नक्षीदार कवच मिळालें. तें सुमारें २५,००० वर्षांपूर्वींचें आहे. या प्रदेशांत शहामृग धांवतांना आज हयात असलेल्या कोणीं पाहिला? तरी तो येथें होता, याला तें कवच साक्षी आहे. त्या एका कवचानें उत्क्रांति सिद्ध होत नाहीं, हें खरें. पण न पाहिलेला भूतकाळ अवशेषांवरून कसा वाचावा, हें त्यावरून कळतें. उत्क्रांतीचा पुरावाही खडकांतील जीवाश्मांवरून आणि सजीवांच्या शरीररचनेवरून असाच वाचला जातो.

त्याच २०१८ सालीं महाराष्ट्र राज्यमंडळाचीं दहावीचीं नवीं पुस्तकें आलीं. ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान’च्या दुसऱ्या भागांतील पहिलाच पाठ ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा होता, आणि चोपड्याच्या मराठी शाळेंतील मुलांच्या हातींही तेंच पुस्तक पडलें. उलट केंद्रीय अभ्यासक्रमाच्या दहावीच्या पुस्तकांतून उत्क्रांतीचा भाग २०२२ सालीं अभ्यासाचा भार हलका करण्याच्या कारणानें वगळण्यांत आला. एप्रिल २०२३ मध्यें १,८०० हून अधिक शास्त्रज्ञ व शिक्षकांनीं त्याविरुद्ध खुलें पत्र लिहिलें. बारावीच्या जीवशास्त्रांत तो विषय राहिला, हें खरें; पण दहावीनंतर वाणिज्य वा कला शाखेकडे वळणारा विद्यार्थी तेथवर पोंचतच नाहीं.

औरंगाबादेंत पाठाला उघड विरोध झाला, म्हणून त्याला उघड उत्तरही मिळालें. चार वर्षांनीं तोच विषय कोणी खोटा न ठरवितां पुस्तकांतून गेला. उनपदेवाची कथा चोपड्याच्या मुलाला त्याची आजी सांगेल. पाटण्याच्या कवचाचा अर्थ शाळेनें सांगितला नाहीं, तर त्याला तो दुसरें कोण सांगणार?