इंग्रजी उच्चाराचे गुरू कोण?

कचेरीत नव्याने रुजू झालो, तेव्हा एका बैठकीत टिप्पणी वाचून दाखविताना मी कर्ज या अर्थाचा इंग्रजी शब्द ‘डेब्ट’ असा उच्चारला आणि एकच हशा पिकला. त्याचा उच्चार ‘डेट’ असा आहे, हे मला ठाऊक नव्हते. त्या दिवशी झालेल्या मानभंगावर पुढे इतिहासानेच फुंकर घातली.

हा ‘बी’ मुळात त्या शब्दात नव्हताच. शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला तो त्या अक्षरावाचून. लॅटिन ‘डेबिटम्’शी त्याचे नाते दिसावे, म्हणून पंडितांनी मागाहून ते लेखनात घातले, जिभेने त्याला थारा दिला नाही. शिवाय १४७६ साली कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टर येथे मुद्रणालय थाटल्यावर लेखन हळूहळू स्थिरावले. उच्चार मात्र पुढेही बदलतच राहिले.

मग शुद्ध उच्चार ठरवावा कोणी? जॉन्सनच्या १७५५ च्या कोशात आघाताच्या खुणेपलीकडे फारसे मार्गदर्शन नाही. ही उणीव भरून काढली ती दोन नटांनी. आयरिश नट टॉमस शेरिडन याने १७६१ साली एडिंबरो येथे व्याख्याने दिली, तेव्हा आपली वाणी घासूनपुसून घेण्यासाठी तेथील प्रतिष्ठित मंडळी त्याच्यापुढे शिष्यभावाने बसली. त्याचा कोश १७८० साली निघाला. १७९१ साली लंडनच्या जॉन वॉकरने स्वरांवर आकडे घालून आपला कोश रचला आणि स्कॉटिश व आयरिश लोकांबरोबर खुद्द लंडनकरांचेही दोष दाखविले. तात्पर्य, इंग्रजी उच्चार इंग्रजांनाही शिकावाच लागला! १९१७ साली डॅनियल जोन्स यांनी, दक्षिण इंग्लंडमधील ज्या घराण्यांतील पुरुष मोठ्या निवासी शाळांत शिकलेले असत, त्यांचा उच्चार कोशात नोंदविला. परंतु तो कोणावर लादण्याचा आपला हेतू नाही, असेही त्यांनी बजावले.

तेव्हा शिकणाऱ्याने अक्षरांपेक्षा कानावर अधिक भिस्त ठेवावी आणि आघाताकडे लक्ष द्यावे. आमच्या कचेरीतला नित्याचा ‘रेकॉर्ड’ शब्दच पाहा: नाम असता आघात आरंभी, क्रियापद असता उत्तरार्धावर.

परवा माझ्या धाकट्या मुलीने ‘चमचा’ म्हणताना ‘च’ ‘चिमणी’तल्यासारखा उच्चारला. शेजारपाजार हिंदी, शाळाही हिंदी. एका ‘च’चे मराठीत दोन ध्वनी आहेत, हे तिला कोणी सांगावे? मी मात्र खो खो हसलो. तिचा चेहरा उतरला आणि मला ती बैठक आठवली. मग तिला जवळ घेऊन म्हटले, “बाळ, माझ्या तोंडाकडे बघ,” आणि तो शब्द सावकाश पुन्हा म्हटला. तिसऱ्या खेपेला तिला तो साधला.